करवंदवाडीचं रिकामं आभाळ

दुसऱ्या गावाच्या आभाळाचा तुम्हाला कधी हेवा वाटलाय?

घरादाराचा, पिकाचा, कुणाच्या नव्या गाडीचा वाटतो, ते ठाऊक आहे. मी आभाळाचं विचारते आहे. मला वाटला. दसरा झाल्यावर तीन दिवस बेळगावच्या पश्चिमेला जाऊन आले आणि त्या तीन दिवसांत मी जेवढी जळले तेवढी कॉलेजात दुसरा नंबर आला तेव्हासुद्धा जळले नव्हते. जळून परत आले, आणि येताना एक पाकीट घेऊन आले. त्या पाकिटापायी हे लिहिणं भाग आहे.

आधी आमचं आभाळ सांगते. आमचं गाव खडकेवाडी, निपाणीच्या पश्चिमेला, फॉरेस्टच्या डोंगराला पाठ टेकून बसलेलं. डोंगर राखीव आहे. सरपणाची एक फांदी आणली तरी गार्ड हटकतो. पण त्याच डोंगराच्या अंगावरून विजेच्या उघड्या तारा गेल्या आहेत. त्या उतारावरून आमच्या रानात येतात आणि रानात येईपर्यंत इतक्या लोंबतात की वैरणीचा भारा डोक्यावर घेतलेली बाई तिथं आपोआप कंबरेत वाकते. वारा सुटला की तारेला तार घासते, ठिणगी उसात पडते. गेल्या उन्हाळ्यात एक मोर तारांना चिकटून मेला. पिसारा मिटलेला, पाय आखडलेले. मी त्याच्यावर पत्रक काढलं, ‘मोराचा खून कुणी केला?’ आसपासच्या चार गावांत वाटलं. लोकांनी वाचलं, घडी घातली, त्यात शेंगा बांधून नेल्या.

आणि आता झाडं. वीज कंपनी तीच लाइन नव्यानं ओढणार आहे. खांब जाडे, तारा जास्त, आणि तारांखालचा पट्टा मोकळा. डोंगरावरच्या जांभळांची आणि आंब्यांची साल ताशून त्यावर डांबरानं आकडे घातले आहेत. माझ्या आज्जीनं ज्या जांभळाखाली गुरं राखली त्याच्यावर सतराचा आकडा आहे. दिवाळीनंतर कुऱ्हाड. तारा जमिनीखालून न्या, एवढीच आमची मागणी होती. ‘आमची’ म्हणजे खरं तर माझी.

मी पत्रकांत वाढले. वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, निपाणीत छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका पोटासाठी आणि सीमाप्रश्नाची पत्रकं मनासाठी. मी अक्षरं ओळखायला शिकले ती उलटी, शिशाच्या खिळ्यांवरची. आमच्या घरात राग आला की भांडी आपटत नाहीत, मजकूर लिहितात.

अशात वैजूचा फोन आला. वैजू म्हणजे वैजयंता, निपाणीच्या कॉलेजात तीन वर्षं माझ्या बाकावर बसायची आणि माझ्या वहीवरून उतरून काढायची. लग्न होऊन करवंदवाडीला गेली. बेळगुंदीच्या पुढं, राखीव जंगलाच्या कडेला.

“काय गं पत्रकवाली,” ती म्हणाली, “ये की एकदा. तू कागदावर लिवतीस ते समदं आमच्या गावात झालंय.”

कधी एक ओळ स्वतःची न लिहिलेल्या बाईनं मला हे सांगावं! मी दुसऱ्या दिवशी निघाले.

खडेबाजार

निपाणी ते बेळगाव एसटीत काय झालं ते सांगत नाही, काही झालं नाही. खडेबाजारात उतरून खव्याचा कुंदा घेतला, अर्धा किलो, पुठ्ठ्याच्या खोक्यात. दुकानासमोर उभं राहून वर बघितलं तर तारांचं असं जाळं, की आभाळ गाळून खाली येत असावं. मला बरं वाटलं. जिल्ह्याच्या गावाची ही दशा, मग करवंदवाडीत काय असणार, वैजू फेकते आहे, असा विचार करत मी बेळगुंदीची बस धरली.

बेळगुंदीच्या पुढं बस नव्हती. रताळी आणायला निघालेला एक रिकामा टेम्पो होता. चालवणारे गृहस्थ साठीचे, पांढरी टोपी, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका. म्हणाले, “बसा की ताई, करवंदवाडीलाच जातो. मागं पोती हाईत, त्यावर बॅग टाका.” मी बॅग टाकली. वाटेत रस्त्यानं बॅग पाडली, बॅगेवर जॅक पडला, आणि कुंद्याची भाकरी झाली. त्या गृहस्थांचं नाव भूपाल अण्णा. तेव्हा मी त्यांना फक्त कुंद्याचा गुन्हेगार समजत होते. पुढं कळलं, माझ्या गोष्टीत खरा गुन्हेगार दुसराच आहे.

करवंदवाडी

टेम्पो चढ संपवून वर आला आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरात नेहमीची वस्तू जागेवर नसली की वाटतं तसं. नाचणी कापणीला आलेली, रताळ्याचे वेल पसरलेले, पलीकडं जंगलाची हिरवी भिंत. सगळं जागेवर होतं. मग उमगलं. वर काही नव्हतं.

एक तार नाही. जंगलाच्या कडेपासून गावाच्या कौलांपर्यंत आभाळ सलग, घडी न मोडलेल्या लुगड्यासारखं. त्यातून एक धनेश पक्षी चालला होता, तो जड, पंखांचा आवाज करणारा. त्याला कुठंच वर-खाली व्हावं लागत नव्हतं.

मी उतरले, तेवढ्यात समोरून एक बाई लांबलचक बांबू उभा धरून ताठ चालत आली. माझ्या तोंडातून किंकाळीच फुटली, “आक्का, तार! तार! बांबू आडवा करा!” आणि मी स्वतः भर रस्त्यात कंबरेत वाकले.

बाई थांबली. तिनं वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग बांबूला टेकून जी हसायला लागली ती थांबेना. आसपासच्या अंगणांतून माणसं बाहेर आली. ती बाई वैजूची सासू होती.

“वैजे,” तिनं हाक मारली, “तुझी मैतरीण आली गं! आल्या आल्या आभाळाला नमस्कार केला तिनं!”

तिथून तीन दिवस माझं नाव ‘तारआक्का’ पडलं. तारआक्का, चा घे. तारआक्का, वाक, दार ठेंगणं हाय. चपटा कुंदा सासूबाईंनी नाचणीच्या भाकरीला लावून खाल्ला आणि म्हणाल्या, “बेस झालं. असाच आणत जा, दाबून.”

जेवायला रताळ्याची भाजी होती, ओल्या खोबऱ्याची, मिरची फोडून घातलेली. आमच्याकडं रताळं म्हणजे उपासाचं, उकडून मीठ लावलं की झालं. इथं रताळ्याला मान आहे. वाढता वाढता वैजू सांगत होती, आणि प्रत्येक वाक्याला माझा घास मोठा होत होता.

“पंप चालतोय गं पावसात बी. फांदी पडली म्हणून करंट गेला, असं आता न्हाय. फॉरेस्टची मान्सं झाडं छाटाया येत न्हाईत. गेल्या साली हितं वानरं चिकटायची तारंला, ते बंद.”

“आणि खांब कुठं गेले?”

“दोन ओढ्यावर टाकलेत. साकव केलाय. कंपनीला इचारून, हां. उद्या त्यावरनंच जाऊ.”

म्हणजे ज्यानं आमच्या डोक्यावर टांगती तलवार धरली, त्याचा यांनी पूल केला!

मी विचारलं, “एकदासुद्धा बंद पडत नाही?”

“पडला की. श्रावणात एक सांधा गेला. जमिनीतला बिघाड दिसत न्हाय, तो हुडकायची गाडी बेळगावास्नं यायला दोन दीस लागलं. दोन दीस अंधार. आमचं सासरं, आप्पा, लई चिडलं.”

मला इतका आनंद झाला की मी आणखी एक भाकरी मागून घेतली. वैजूनं ती वाढली, आणि माझ्याकडं बघत म्हणाली, “हे ऐकाया आलतीस व्हय?”

बांधावर

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजूचे सासरे, आप्पा, मला केबल दाखवायला घेऊन गेले. केबल दाखवायची म्हणजे काय, जमीन दाखवायची. बांधांवर थोड्या थोड्या अंतरानं चुना दिलेले गुडघ्याएवढे दगड रोवलेले. त्या दगडांच्या रेषेखाली केबल. खाली वाळू, वाळूवर केबल, वर पुन्हा वाळू, मग विटा. विटा आणि धोक्याची छापील पट्टी, इथपर्यंत कंपनीचं. त्याच्या वर गावानं आपली भर घातली होती, प्रत्येक घरातली जुनी, फुटकी कौलं.

“का?” मी विचारलं.

“कुदळ खाली गेली की आधी कौल वाजतंय,” आप्पा म्हणाले. “कौल वाजलं की गडी थांबतोय. आमच्या मान्साला पट्टीवरचं वाचाया येत न्हाय, पर कौलाचा आवाज कळतोय.”

जंगलाच्या पट्ट्यात जेसीबीला परवानगी नव्हती, मुळं तुटली असती. चर हातानं खणायचा होता. कंत्राटदारानं गावालाच काम दिलं आणि गावानं ते पैऱ्यानं केलं. पैरा म्हणजे आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. हे आमच्याकडंही आहे, टोकणीला, भांगलणीला. पण करवंदवाडीनं त्यात एक नियम घातला होता, आणि तो ऐकून मी बांधावर खाली बसले.

“आपल्या बांधावर आपण खणायचं न्हाय,” आप्पा म्हणाले. “तुझ्या बांधावर मी खणणार, माझ्यावर तिसरा.”

“ते कशाला?”

“अगं पोरी, बांध म्हंजे काय सादी गोष्ट हाय? आपला आपण खणाया लागलो तर कुदळ आपसूक शेजाऱ्याकडं सरकती. वीतभर हिकडं, वीतभर तिकडं, आन् पुढं दोन पिढ्या कोर्टात. परक्यानं खणलं की दोर धरून मधोमध खणतोय. त्याला ना हे रान, ना ते.”

मग त्यांनी एक वळण दाखवलं. दगडांची रेषा सरळ येऊन एका जांभळापाशी लांब फेर घेऊन पुन्हा सरळ झाली होती. केबल एकदम वाकत नाही, म्हणून फेर मोठा घ्यावा लागला आणि तो आप्पांच्या स्वतःच्या नाचणीतून गेला. “झाडाचं मूळ आलं आडवं. काय करणार? ते आधीपासनं हितं हाय.”

मी त्या जांभळाला हात लावला. साल शाबूत होती. कुणी ताशली नव्हती, आकडा घातला नव्हता. खरं सांगते, त्या क्षणी मी आप्पांचा, वैजूचा, त्या रिकाम्या आभाळाचा आणि त्या झाडाचासुद्धा द्वेष केला. माझ्या सतरा नंबरच्या जांभळानं काय पाप केलं होतं? त्याच्यासाठी मी कमी लिहिलं होतं का? इथं तर कुणी एक पत्रक काढलं नव्हतं!

रताळ्याच्या ढिगावर

दुपारी वैजूच्या खळ्यात भूपाल अण्णा रताळी भरून घेत होते. मी वैजूला शेवटी विचारलंच, “सुरुवात कुणी केली? मागणी कुणी लावून धरली? मोर्चा, निवेदन, काही?”

“न्हाय गं. एक पत्र आलतं.”

ती आत जाऊन प्लास्टिकची फाइल घेऊन आली. फाइलमध्ये कागद आणि त्याच्या मागं टाचलेलं पाकीट. खाकी, डाव्या बाजूला हिरवी पट्टी, वर वीज कंपनीचा गोल शिक्का, पत्ता कन्नडमध्ये.

हे पाकीट मी ओळखत होते.

दोन वर्षांपूर्वी असंच एक पाकीट खडकेवाडीला आलं होतं. पंचायतीच्या शिपायानं ते आण्णांकडं आणलं, कारण कागदाचं काही असलं की लोक आण्णांकडं येतात. पत्ता फक्त कन्नडमध्ये होता. आमच्या घराचा नियम होता, आम्हाला न कळणाऱ्या लिपीत आलेला सरकारी कागद उघडायचा नाही, जसाच्या तसा परत करायचा. नुसता परत नाही, वर छापील चिठ्ठी डकवून. चिठ्ठीचा मजकूर त्या वेळी मी लिहिला होता. ‘आमच्या भाषेत लिहाल तेव्हाच आम्ही वाचू!’ ग्रामसभेत मी तो वाचून दाखवला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या.

“तुला कन्नड वाचता येतं?” मी वैजूला विचारलं.

“मला कुठलं? बोलाया येतं तेवढं. आप्पांस्नी तेवढं बी न्हाय.”

“मग?”

“भूपाल अण्णांनी वाचलं की. हितंच, ढिगावर बसून.”

भूपाल अण्णा पोतं शिवता शिवता म्हणाले, “वाचलो की. बोरगावचा मी. आमच्याकडं एका घरात दोन्ही भाषा जेवतात.”

“बोरगावचे?” मी म्हणाले. “निपाणीजवळच्या बोरगावचे?”

“व्हय. दर आठवड्याला तिकडनंच येतो. खडकेवाडी फाट्यावर गाडी थांबवून चा पितो.”

आमचा फाटा! आमच्या फाट्यावर चहा पिऊन, आमच्या डोळ्यांसमोरून हा माणूस वर्षानुवर्षं जात होता आणि पत्र वाचायला करवंदवाडीच्या कामी येत होता. रडावं की त्यांच्या अंगावर ओरडावं, कळेना. मी ओरडले. “मग आमचं का नाही वाचलंत?”

अण्णांनी दाभण पोत्यात खोवून ठेवला. “ताई, कोण इचारलं?”

मी ते पत्र त्यांच्या हातात दिलं आणि पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, एक एक वाक्य कन्नडमध्ये वाचून मराठीत सांगितलं. राखीव क्षेत्रातल्या उघड्या तारा काढून जमिनीखालून केबल टाकण्याचं ठरत आहे. ज्या गावातले सगळे बांधवाले लेखी संमती देतील तिथं आधी काम होईल. उत्तर न आल्यास सध्याचीच लाइन मोठी करण्यात येईल आणि त्यासाठी आड येणारी झाडं काढली जातील.

इथं मी डोळे मिटले. माझ्या जांभळावर सतराचा आकडा असा पडला. कुणी खलनायक नव्हता. उत्तर आलं नाही, एवढंच.

“संपलं?”

“एक ओळ हाय की अजून, तळाला.” अण्णांनी ती मनात वाचली, माझ्याकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मराठी प्रत पाहिजे असल्यास ऑफिसात मागावी, दिली जाईल.”

सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे गं तारआक्का. वाकायची सवय हाय तुला. आता एकदा उठून बग.”

त्यांनी ते चेष्टेनंच म्हटलं होतं. मला मात्र झोंबलं. मला वाटत होतं, आमच्या घरात कुणी कधी वाकलं नाही.

ऑफिसात

तिसऱ्या दिवशी भूपाल अण्णांनी टेम्पो वाट वाकडी करून वीज कंपनीच्या ऑफिसापाशी उभा केला. रताळी मागं, आम्ही दोघं पुढं, आणि मला सोडायला म्हणून वैजूही निघाली. मी तिला म्हटलं, “तू कशाला?” ती म्हणाली, “तू आत जाऊन भाषण करशील म्हणून.”

मी भाषण तयार केलंच होतं. टेबलामागं एक बाई बसल्या होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, डब्यातली चपाती खात. अण्णांनी कन्नडमध्ये खडकेवाडीचं नाव सांगितलं. बाईंनी चपाती ठेवली, हात पुसले, कपाट उघडलं, आणि शोधावं न लागता एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

खाकी, हिरवी पट्टी, चिकटवलेलं तोंड जसंच्या तसं. आणि वर माझी चिठ्ठी. आमच्या छापखान्यातला टाइप, माझा मजकूर, शेवटी माझ्या आवडीचं उद्गारचिन्ह. कॉलेजातल्या सगळ्या बक्षिसांपेक्षा मला तो मजकूर तेव्हा प्रिय होता.

बाई मोडक्या मराठीत म्हणाल्या, “ह्या चिठ्ठीवरचं मी वाचून घेतलं. आमच्या शिपायाला मराठी येते, त्याला बोलावून. तुमी आमचं नाही वाचलं.” मग वैतागून आपल्या भाषेत, “ओदबेकल्री!” हे मला कळलं. वाचायला नको का हो!

माझं भाषण मी सोडून दिलं. या बाईनं माझं पत्रक वाचलं होतं. दोन वर्षांत माझ्या लिखाणाची एवढी काळजी घेतलेली ती एकटी वाचक असावी.

तरी एक गोष्ट मी बोललेच, आणि आजही बोलते. “पत्र आधीच मराठीत यायला पाहिजे होतं. आमची वस्ती मराठी आहे. प्रत मागावी लागू नये.”

बाई म्हणाल्या, “बरोबर. लिहून द्या. त्याचा अर्ज वेगळा. याचं उत्तर वेगळं.”

वैजूनं मला टेबलाखालून चिमटा काढला. मी अर्जाचा आणि उत्तराचा असे दोन्ही कागद मागितले, ते पाकीटही उचललं. मराठी प्रत पाच मिनिटांत मिळाली. झाडं तोडायचं काम अजून कुणाला दिलेलं नव्हतं. महिनाअखेरपर्यंत सगळ्या बांधवाल्यांच्या सह्या आल्या तर खडकेवाडी केबलच्या यादीत जाईल. एक सही कमी असली तरी नाही, कारण चर बांधाला बांध जोडून जातो. मध्ये एक बांध गळला की पुढचे सगळे गळतात.

बाहेर आल्यावर वैजूचा निरोप घेतला. ती म्हणाली, “झालं की आता. तोंड का पाडलंस?”

“तुझ्यावर जळते आहे,” मी म्हटलं.

“जळ की. लई बरं वाटतंय. तीन वर्षं तुझ्या वहीवर मी जळत होतो.”

खडकेवाडी फाटा

संध्याकाळी टेम्पो आमच्या फाट्यावर थांबला तेव्हा आण्णा मला न्यायला येऊन उभे होते. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. आपल्या छापखान्याचा टाइप त्यांनी लांबूनच ओळखला. “हे परत कसं आलं?”

मी सगळं सांगितलं. करवंदवाडी, ढीग, तळाची ओळ. लपवलं काही नाही. उभ्यानं ऐकता ऐकता ते चहाच्या टपरीच्या बाकावर बसले. आमचे आण्णा आयुष्यात दोन वेळा तुरुंगात जाऊन आलेत, त्यांना मी कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ते आता पाकीट परत माझ्याकडं देतील, तत्त्व सांगतील. मराठी प्रत माझ्या पिशवीत होती. ती मी काढली नाही. का काढली नाही, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

त्यांनी खिशातली छोटी सुरी काढली, जिनं ते खिळ्यांच्या ओळी बांधलेला दोरा कापत. चिठ्ठी न फाडता पाकिटाचं तोंड नीट उघडलं. कागद काढला, उलटसुलट केला. मग टेम्पोशेजारी चहा बशीत ओतून पिणाऱ्या भूपाल अण्णांकडं बघून म्हणाले, “तुम्हाला येतं म्हणे. बसा. वाचा.” आणि टपरीवाल्याला, “यांना अजून एक चा दे रं.”

भूपाल अण्णांनी वाचलं. फाट्यावर बसची वाट बघणारी आमच्या गावची माणसं भोवती जमली. आण्णांनी शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली. मग मला म्हणाले, “आता तुझी प्रत काढ. मराठीत बी वाच. गाव ऐकू दे.”

मी वाचलं. वाचल्यावर मला एक वाक्य स्वतःचं बोलायचं होतं, ते बोलले. ही चिठ्ठी मी लिहिली होती, टाळ्या मी घेतल्या होत्या, डोंगरावरचे आकडे त्यातून आलेत. कुणी टाळी वाजवली नाही. एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं, “सही कुठं करायची?”

आज हे लिहिते आहे तेव्हा आमच्या गावच्या सह्या झाल्या आहेत, दोन भाऊ सोडून. त्यांचा बांध दोघांमध्ये सामायिक आहे आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना मी करवंदवाडीचा नियम सांगितला आहे, तुमच्या बांधावर तुमच्यापैकी कुणीच खणणार नाही, परका खणेल, दोर धरून. थोरला ‘बघू’ म्हणाला. धाकट्यानं विचारलं, “परका म्हंजे कोण?” मी म्हटलं, मी. तो हसला. हसला म्हणजे अजून नाही म्हणालेला नाही.

पण चर आमच्या गावाशी संपत नाही. लाइन डोंगर उतरून तुमच्याही गावावरून जाते. हे लिखाण मी नेहमीच्या पत्रकांसारखं त्याच चार गावांत वाटणार आहे. शेंगा जरूर बांधा, पण त्याआधी एक काम करा. तुमच्या पंचायतीच्या कपाटात, किंवा कुणा बाणेदार माणसाच्या घरी, हिरव्या पट्टीचं एक खाकी पाकीट पडलेलं असेल. ते आज काढून उघडा. वाचता येत नसेल तर शेजारच्या ज्याला येतं त्याला चहा पाजून वाचून घ्या. मराठी प्रतीचा अर्ज त्याच दिवशी द्या, भांडायचं असेल तर त्यानंतर माझ्यासकट सगळ्यांशी भांडा. आणि महिना संपायच्या आत, तुमच्या बांधाच्या नावापुढं सही करा.